शाफ्टचा निरोप

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण ज्यानं काढली त्याच्या घरात वहिनी नसावी. प्रभादेवीच्या त्या दुमजली घरात दोन भावांचं भांडण होतं आणि तिसरी होती यशोदा. लाभ राहो बाजूला, तीन वर्षं चार महिने तिच्या पायांना जिन्यावरून उसंत नव्हती. वरच्या मजल्यावर तिचे यजमान कमलाकांत, फोर्टातल्या सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क. खालच्या मजल्यावर धाकटा दीर वीरेंद्र, परळच्या गिरणीत इंजिनिअरिंग खात्यात. दोघांत अबोला. एकाला दुसऱ्याशी काही बोलायचं झालं की "सांग त्याला" नाहीतर "सांग दादाला", आणि पदर खोचून निघायची यशोदा. वीरेंद्रच्या बायकोनं, नलूनं, पहिल्याच आठवड्यात हात जोडले होते. "वहिनी, मला नाही जमायचं. निरोप सांगता सांगता मला हसू फुटतं."

कारण तसं हसण्यासारखं नव्हतं. छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून सगळं शहर पेटलं होतं, कडकडीत हरताळ होता, आणि कमलाकांत छत्री काखोटीला मारून पायी कचेरीला निघाले. कचेरीतल्या कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जागेवर हवा, एवढंच त्यांना समजत होतं. वीरेंद्र चळवळीत पुरता बुडालेला. तो फाटकात आडवा उभा राहिला आणि चार शेजाऱ्यांदेखत वडील भावाला म्हणाला, "जा, जा. जाताना तेवढ्या बांगड्या भरून जा." कमलाकांतांनी काखोटीची छत्री सावरली. ते गेले, संध्याकाळी परत आले आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाशी बोलायचे थांबले.

या घरात यशोदा सून म्हणून आली तेव्हा वीरेंद्र नऊ वर्षांचा होता, आई नसलेला. त्याला न्हाऊ घातलं तिनं, पाढे घोकून घेतले तिनं. आणि तेवढीच वर्षं ती कमलाकांतांना ओळखत होती. त्यांना राग चटकन येत नसे, पण आला की वाळल्या सिमेंटसारखा बसे. दोघंही तिचेच. त्यामुळे निरोप जसाच्या तसा पोचवणं तिला कधी झालंच नाही.

"त्या शहाण्याला सांग, पाण्याची मोटर आपल्या बापाची नाही," असं वरून निघालेलं वाक्य जिना उतरेपर्यंत "भाऊजी, पाणी जरा बेतानं वापरायला सांगितलंय" असं होऊन जाई. "हेडक्लार्कसाहेबांना म्हणावं, मला कायदा शिकवू नका" याचं वर पोचेपर्यंत "बरं म्हणाले" एवढंच उरे. खडे निवडावेत तसे ती शब्द निवडी. यात पाप आहे असं तिला वाटलं नाही. एकदा मात्र तिनं खडे निवडले नाहीत, तांदूळच स्वतःच्या पदरचे घातले. ते झालं जीपच्या पायी.

अप्पा, म्हणजे सासरे, एक्याऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि खालच्या मजल्यावरच्या खुर्चीला खिळले. वडाळ्याला त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनचं मिठागर होतं. त्याचा करार एकोणसाठच्या मोसमाबरोबर संपायचा होता आणि मग तिथे भराव पडायचा होता. अप्पांनी एकच गोष्ट मागितली. "एकदा बांधावर नेऊन बसवा मला. आणि दोघंही चला. मी नि माझा भाऊ उभे राहायचो तिथे माझे दोघं उभे राहिलेले बघतो, नि मग घाला भराव." पण टॅक्सी पक्क्या रस्त्यापुढे जाईना, तिथून उचलून न्यायला दोघं भाऊ एकत्र येतील ही आशा नव्हती, आणि बैलगाडीचा धक्का त्या खुब्याला सोसणारा नव्हता.

अशात वीरेंद्रला गिरणीच्या आवारात एक जीप दिसली. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कर जे भंगार टाकून गेलं त्यातली. कोंबड्या खुडूक बसवायच्या लायकीची झाली होती, पण तिची जात निराळी होती. तिच्या पुढच्या मागच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे आणि म्हणून ती चिखलातून जाई. "वहिनी, हीच अप्पांना बांधापर्यंत नेणार," वीरेंद्र म्हणाला. घर दोघांचं, अंगण दोघांचं. दादाच्या संमतीशिवाय ती अंगणात उभी राहणार कशी?

कमलाकांतांनी चष्म्यावरून पाहिलं. "बांगड्यांबद्दल त्यानं माफी मागितली का?"

यशोदाच्या तोंडून निघून गेलं, "मागितली."

"कधी?"

"आत्ताच. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या."

कमलाकांतांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "येऊन स्वतः सांगेल तेव्हा बघू. तोवर आणू दे गाडी." आणि खाली येऊन, एक खोटं बोलले तसं दुसरंही, या न्यायानं यशोदानं वीरेंद्रला सांगितलं, "हे म्हणाले, वीरेंद्रच्या हाताला यश आहे. त्यालाच जमेल."

ते ऐकून वीरेंद्र असा हसला की यशोदा मागे न बघता जिना चढली. त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला. दोघांनी बोलावं म्हणून ती सिद्धिविनायकाला दर मंगळवारी हात जोडी, आणि दोघं बोलले तर पहिल्या पाच मिनिटांत आपलं बिंग फुटणार म्हणून घरी येईपर्यंत घाबरून जाई. देवानं नेमकं काय करावं हे त्यालाही कळलं नसेल.

जीप अंगणात आली आणि तिची वाटणी झाली. इंजिन, ब्रेक, दिवे वीरेंद्रचे; खालची बाजू, म्हणजे गिअरपेट्या, शाफ्ट, स्प्रिंगा, कमलाकांतांच्या. हेडक्लार्कनं गाडीखाली काय शिरायचं, असं गल्लीला वाटलं. पण त्यांनी चोरबाजारातून त्या जीपचं लष्करी पुस्तक पैदा केलं, दोनदा वाचलं आणि मगच पान्याला हात लावला. रोज पहाटे कचेरीच्या आधी ते चटई घालून गाडीखाली शिरत. काढलेला प्रत्येक बोल्ट कचेरीच्या जुन्या लखोट्यात जाई, लखोट्यावर नाव, तारीख, आणि वर लाल फीत. संध्याकाळी गिरणीतून आला की वीरेंद्र बाही सारी. त्याचे बोल्ट कधी खिशात, कधी नलूच्या वाटीत, एकदा तर आमटीत सापडला.

"त्याला सांग, प्लग आवळताना अक्कलही वापरायची असते," पहाटेचा निरोप निघे.

"भाऊजी, प्लग जपून आवळा म्हणाले. तुमच्या हातात ताकद फार."

"दादाला सांग, गाडी आहे ही, खटल्याची फाइल नाही, फीत बांधायला."

"अहो, ते म्हणतात, लखोट्यांमुळे फार सोय होते."

अशा निरोपांवर जीप उभी राहिली. वीरेंद्रनं अप्पांच्या जुन्या खुर्चीचे पाय कापून ती मागे बोल्टांनी बसवली. कमलाकांतांनी तिच्या बैठकीखाली स्कूटरच्या स्प्रिंगा घातल्या, कुणाला न सांगता, खुब्याला हादरा नको म्हणून. वीरेंद्रनं मागच्या पत्र्यावर लाल रंगानं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कमलाकांतांनी स्टेपनी उचलून नेमकी त्यावर बसवली. त्याबद्दल निरोप आला नाही की गेला नाही. पण यशोदानं दोघांनाही गालात हसताना पाहिलं, एकाला सकाळी नि दुसऱ्याला संध्याकाळी. बारा महिने तिनं त्या गाडीवरून दोघांची भाषा ऐकली होती. ते दोघं एकमेकांची वाट बघतायत हे तिच्याइतकं कुणाला दिसलं नसतं.

एकोणसाठचा मे उजाडला. येत्या रविवारी अप्पांना न्यायचं ठरलं. गुरुवारी पहाटे कमलाकांत गाडीखालून बाहेर आले ते कपाळाला ग्रीस लावून नि पारा चढवूनच.

"सांग त्या अडदांडाला. पुढचा शाफ्ट मी उतरवलाय. त्याचं बेअरिंग गेलंय, नवं सोमवारशिवाय मिळत नाही. म्हणजे पुढच्या चाकांना जोर नाही. रविवारी गाडी पक्क्या रस्त्यावरच थांबवायची, तिथून अप्पांना आपण उचलून नेऊ. चिखलात घालायची नाही. आणि म्हणावं, जन्मभर बैलासारखा घुसत आलास, छप्पन्न सालीही तसाच घुसलास, वडील भाऊ बघितला नाहीस, लोक बघितले नाहीत. एकदा तरी दुसऱ्याचं ऐक!"

यशोदाचा चेहरा उतरला. छप्पन्न सालचं नाव त्यांच्या तोंडून इतक्या दिवसांत निघालं नव्हतं. दिवसभर तिच्या कानात तेवढंच घुमत राहिलं, बैल आणि छप्पन्न साल. संध्याकाळी वीरेंद्र बॉनेट उघडून उभा होता. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं होतं आणि स्वारी खुशीत होती. "काय म्हणतोय दादा?" त्यानं विचारलं.

ती निवडायला बसली. बैल काढला, अडदांड काढला, छप्पन्न साल काढलं. खड्याबरोबर दोन दाणे जातात तसा त्या गडबडीत शाफ्टही गेला.

"म्हणाले, रविवारी जपून चालवा."

रविवारी सकाळी फाटकाशी नलूनं नारळ फोडला आणि जीप निघाली. लष्करी अमेरिकन गाडी, तिचं चाक डाव्या हाताला. डावीकडे वीरेंद्र, उजवीकडे कमलाकांत, कोपराला कोपर लागलेलं. मागे खुर्चीत अप्पा, नवी टोपी घातलेले, आणि त्यांना धरून यशोदा. दादरचा पूल ओलांडून गाडी वडाळ्याच्या अंगाला वळली. अप्पा दिसेल त्या इमारतीकडे बोट दाखवून तिथे पूर्वी काय होतं ते सांगत होते. पुढे दोघं भाऊ काचेतून सरळ बघत होते. निरोप असला की कमलाकांत मान मागे वळवत, यशोदा पुढे वाकून दुसऱ्या कानात सांगे. वीतभर अंतर, आणि बोलणं वळसा घालून यायचं.

पक्का रस्ता संपला. पुढे बांधाकडे जाणारी मातीची वाट होती. परवाच्या अमावास्येच्या उधाणाचं पाणी तिच्यावर चढून गेलं होतं, वरून सुकल्यासारखी, आतून लोणी. वीरेंद्रनं गाडी थांबवली नाही. दांडा ओढून चारही चाकं लावली, निदान त्याला तसं वाटलं, आणि गाडी वाटेवर घातली.

कमलाकांत ताडकन ताठ झाले. भाऊ शेजारी, हातभरावर. पण तीन वर्षांची सवय. मान मागे वळली.

"अगं, सांग त्याला, थांब म्हणावं!"

"भाऊजी, थांबा म्हणतात!"

"वहिनी, सांग दादाला, घाबरू नको. चारही चाकं लावलीत."

"अहो, ते म्हणतात, काळजी करू नका."

"काळजी कसली? सांग त्याला..."

लांब बांधावरून मिठागराचा मुकादम भिवा दोन्ही हात हलवत धावत येताना दिसला. येऊ नका असं तो सांगत होता. अप्पांना वाटलं, स्वागत करतोय. त्यांनीही टोपी काढून हलवली. तेवढ्यात जीप मागून खाली बसली. वीरेंद्रनं इंजिन तापवलं, मागची चाकं चिखल उडवत गरगर फिरली आणि पुढची दोन पाहुण्यासारखी नुसती उभी राहिली.

वीरेंद्र उतरला. गुडघाभर रुतला. वाकून गाडीखाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग उठून समोर बघत म्हणाला, "दादा, शाफ्ट कुठाय?"

तीन वर्षं चार महिन्यांनी.

"घरी," कमलाकांत म्हणाले. "जिन्याखाली. रॉकेलच्या डब्यात."

"मग सांगायचं नाही?"

"गुरुवारी सांगितलं!"

दोन्ही माना मागे वळल्या. यशोदाच्या पायांखालची जमीन आधीच चिखल होती, आता तीही सरकली. ज्या क्षणासाठी मंगळवार केले होते तो आला होता, आणि ज्याला ती भीत होती तोही हाच.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही त्यांना बैल म्हणालात म्हणून."

"मग बैल गाळायचास!" कमलाकांत ओरडले. "शाफ्ट कशाला गाळलास?"

"दादा मला बैल म्हणाला?" वीरेंद्रनं विचारलं.

"अडदांडही म्हणाले. शहाणा तर रोजच म्हणतात. आणि तुम्ही काय कमी? हेडक्लार्कसाहेब काय, फिती काय! कंटाळले मी तुमचे खडे वेचून!" ती रडायलाच लागली. "एक शब्द मी धड पोचवला नाही, वरचा खाली नाही नि खालचा वर नाही. तसेच्या तसे पोचवले असते तर या घराची दोन घरं झाली असती."

कमलाकांत कचेरीतला माणूस. एक कागद खोटा निघाला की ते सगळी फाइल उलगडत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि ती माफी? डोळ्यांत पाणी होतं म्हणालीस ती?"

यशोदानं पदर तोंडाला लावला. नाही म्हणायला तिला फक्त मान हलवता आली.

वीरेंद्रला हे नवीन होतं. तो कधी वहिनीकडे, कधी भावाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या हाताला यश आहे, तेही..."

"तेही मीच."

"ते ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "दादानं आजवर कुणाला बरं म्हटलंय? तुझं मन मोडू नये म्हणून मी खरं धरलं होतं."

पण कमलाकांतांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खरंच मानलं होतं. वर्षभर रोज पहाटे एका न मागितलेल्या माफीच्या भरवशावर ते त्या गाडीखाली शिरले होते. त्यांचा चेहरा बघवेना. पॉलिश केलेल्या बुटांनिशी ते चिखलात उतरले आणि दोघांकडे पाठ करून उभे राहिले. भिवा येऊन पोचला होता, तोही चार पावलं अलीकडेच थांबला.

"दादा," वीरेंद्र म्हणाला. "त्या दिवशी गोळीबाराच्या बातम्या येत होत्या. तू परत येईपर्यंत मी नाक्यावर उभा होतो. चार तास. किती वेळा वाटलं, हा आता येत नाही, आणि आपलं शेवटचं बोलणं ते. तू दिसलास नि मी गल्लीत शिरलो. तोंड दाखवायची लाज वाटली मला. तिनं सांगितलं ते खोटं असेल. मी आता सांगतोय. चुकलो मी."

कमलाकांत वळले नाहीत. "दिसला होतास तू मला नाक्यावर," ते म्हणाले. "उगाच नव्हतो मी तीन वर्षं तुझ्या माफीची वाट बघत."

अप्पांनी काठी खुर्चीवर आपटली. "झालं असेल तर उतरवा मला. मीठ काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

भिवाच्या माणसांनी मिठाची रिकामी गोणपाटं आणि फळ्या आणून चाकांखाली सारायला सुरुवात केली. दोघा भावांनी एकमेकांची मनगटं धरून हातांची बैठक केली, अप्पांना तीवर घेतलं आणि चिखलातून पावलं मोजत निघाले. "डावा पाय जपून, वीरू." "जपतोय. तू मागे बघू नको." साधं, कामापुरतं बोलणं, मधे कुणी नसलेलं. यशोदा जीपमध्ये बसून ऐकत होती. इतक्या दिवसांचं मागणं पुरं झालं होतं, आणि आपलं त्यात आता काही काम उरलं नाही हे तिला त्या क्षणी कळलं. एकटं वाटलं तिला, अगदी स्पष्ट.

बांधावर अप्पांना गोणपाटाच्या चवडीवर बसवलं. समोर पांढरे ढीग ओळीनं उभे होते. अप्पा मिठाकडे कमी आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पोरांकडे जास्त बघत होते. त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं नि डोळे मिटले.

मग कमलाकांतांचा आवाज आला, मुद्दाम खणखणीत, जीपमध्ये ऐकू जाईल असा.

"वीरू, तुझ्या वहिनीला सांग, डाव्या अंगानं उतर म्हणावं, उजवीकडे खोल आहे. आणि हेही सांग, मी तिच्याशी बोलत नाही."

वीरेंद्र चिखल तुडवत परत आला. हात पुढे केला. यशोदानं डोळे पुसून मान फिरवली. "ऐकलं मी. बोलत नाहीत ना? नका बोलू."

"छे गं, तू अर्धवट ऐकलंस," वीरेंद्र म्हणाला, दादाइतक्याच खणखणीत आवाजात. "दादा म्हणतोय, दोन्ही मजले इतके दिवस तू एकटीनं सांभाळलेस. दमली असशील. ये, बस आमच्याजवळ."

यशोदा त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षांत शेकडो गोड निरोप तिनं जिन्यावरून वर-खाली नेले होते. तिच्यासाठी कुणी एक आणला नव्हता, खोटासुद्धा.

"असं म्हणाले ते?"

"अगदी याच शब्दांत."

बांधावर कमलाकांतांनी हे सगळं ऐकलं. कागदात एक तारीख चुकली तरी ती दुरुस्त केल्याशिवाय ज्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नसे, त्यानं तोंड उघडलं, यशोदाकडे पाहिलं आणि परत मिटलं. मग गोणपाटावरचं मीठ हातानं झाडून त्यांनी आपल्या शेजारी तिच्यासाठी जागा केली.